पहिला रेकॉर्डर घेताना: कमी पैशात पॉडकास्ट सुरू करणाऱ्यांसाठी

माणदेशात १९७२ चा दुष्काळ ज्यांनी सोसला, त्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मी गेली काही वर्षं रेकॉर्ड करते आहे. कधी ओसरीवर, कधी गोठ्याच्या कडेला, कधी देवळाच्या पारावर. खडी फोडायची दुष्काळी कामं, तिथे मिळणारी सुकडी, लाल मिलोच्या म्हणजे परदेशी ज्वारीच्या भाकरी हे सगळं माणसं पहिल्यांदा विचारलं की पोटातून सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं तरी सांगतात, पण उरकल्यासारखं. म्हणून यंत्रानं पहिल्याच वेळी दगा न देणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

मी पहिला रेकॉर्डर चुकीचा घेतला होता. चार माइक लावता येतील असा, जड, पिशवीभर जागा खाणारा. माझ्यासमोर बसणारं माणूस मात्र नेहमी एकच. सगळे पैसे त्या एका यंत्रात गेले आणि हेडफोनला, माइकला काही उरलं नाही. सहा महिन्यांनी तो विकला, लहान घेतला, आणि उरलेल्या पैशात बाकीचं सामान आणलं. आवाज त्या दिवशी सुधारला. तुम्हाला हा फेरा पडू नये म्हणून मी शिकले त्या क्रमानं लिहिते.

१. दुकानाआधी कागद

तीन प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. मनात ठेवू नका. दुकानदार बोलायला लागला की मनातलं हलतं.

पहिला: रेकॉर्डिंग कुठे होणार? घरातल्या एकाच खोलीत बसून बोलणार असाल तर तुम्हाला फिरता रेकॉर्डर लागतोच असं नाही. लॅपटॉप असेल तर यूएसबी माइक स्वस्तात काम करतो. फिरता रेकॉर्डर त्यांच्यासाठी, ज्यांना माणसांकडे जावं लागतं किंवा ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही.

दुसरा: एका वेळी किती जण बोलणार? एक, दोन की चार? यावरून माइकच्या जागा किती हव्यात ते ठरतं, आणि किमतीतली सगळ्यात मोठी उडी इथेच असते.

तिसरा: फोनवरच्या पाहुण्याशी बोलायचं आहे का? अमेरिकेतल्या मामाची किंवा लातूरच्या शिक्षिकेची मुलाखत फोनवरून घ्यायची असेल, तर यंत्राला फोन जोडता यायला हवा. साध्या रेकॉर्डरला ते नीट जमत नाही.

२. पैशाची वाटणी

हाताशी जेवढे पैसे असतील त्यातले निम्म्याहून जास्त रेकॉर्डरवर घालू नका. उरलेल्यात हे सगळं बसवायचं आहे:

- कान पूर्ण झाकणारे, वायरचे हेडफोन
- एक बाहेरचा माइक
- नामांकित कंपनीचं मेमरी कार्ड, आणि एक जादा
- चार्ज होणारे सेल दोन जोड्या आणि त्यांचा चार्जर
- बाहेर काम असेल तर वाऱ्यासाठी माइकवर घालायची केसाळ टोपी
- टेबलावर ठेवायचा छोटा तिपाई स्टँड

हेडफोन मी मुद्दाम सगळ्यात वर लिहिले. हेडफोन न लावता रेकॉर्ड करणं म्हणजे मीठ न चाखता पंगतीला आमटी वाढणं. आपल्या कानाला खोलीतला पंखा ऐकू येत नाही, कारण मेंदू तो बाजूला सारतो. माइक काही बाजूला सारत नाही. ब्लूटूथचे हेडफोन या कामाला नकोत. त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो आणि बोलणारा अडखळतो.

३. आधी तीन भाग फोनवर करा

हे ऐकून नवखे नाराज होतात, पण माझा आग्रह आहे. फोनला वायरचा कॉलर माइक (कॉलरला किंवा पदराला अडकवायचा छोटा माइक) लावा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि तीन पूर्ण भाग रेकॉर्ड करा. तीन भागांनंतर तुम्हाला आपोआप कळेल की अडचण आवाजाची आहे, खोलीची आहे, की प्रश्न विचारण्याची. अनेकांचं काम इथेच भागतं.

फोन मला पुरला नाही, त्याची कारणं अगदी साधी होती. मध्येच कुणाचा तरी फोन यायचा. बॅटरी दुपारपर्यंत उतरायची. आणि आजीबाईंच्या समोर फोन धरला की त्यांना वाटायचं, ही आपला फोटो काढतेय. पदर सावरण्यात बोलणं तुटायचं. छोटा काळा रेकॉर्डर पाच मिनिटांत विसरला जातो.

४. खोक्यावरचे शब्द वाचायला शिका

दुकानात किंवा संकेतस्थळावर जे शब्द दिसतात, त्यांपैकी मोजकेच तुमच्या कामाचे आहेत.

*वॅव्ह आणि एमपी३.* आवाजाच्या फाइलचे हे दोन प्रकार. रेकॉर्डिंग नेहमी वॅव्हमध्ये करा, एमपी३ शेवटी प्रसिद्ध करताना. एमपी३ करताना आवाजातला काही भाग कायमचा टाकून दिला जातो. तो पुन्हा कापून-जोडून पुन्हा एमपी३ केला की 'स' आणि 'श' पाण्यातून आल्यासारखे ऐकू येतात.

*४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.* यंत्र आवाज किती बारकाईनं टिपतं त्याची ही मापं. बोलण्याच्या रेकॉर्डिंगला एवढं भरपूर झालं. स्टिरिओत याची तासाला साधारण १ जीबी फाइल होते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर तीस तासांच्या आसपास मावतं. ९६ किलोहर्ट्झची जाहिरात पाहून जास्त पैसे देऊ नका. बोलण्यात त्याचा फरक ऐकू येत नाही, कार्ड मात्र दुप्पट वेगानं भरतं.

*३२ बिट फ्लोट.* अलीकडच्या स्वस्त रेकॉर्डरांतही हे आलं आहे, आणि नवख्यासाठी ही खरोखर मोठी सोय आहे. जुन्या पद्धतीत आवाजाची पातळी आधी बेतावी लागते. कमी ठेवली तर नंतर वाढवताना सूं आवाज वर येतो, जास्त ठेवली तर माणूस हसला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. ३२ बिट फ्लोटमध्ये मोठा आवाज फाटल्यासारखा दिसला तरी संपादन करताना खाली ओढून सरळ करता येतो. मात्र दोन गोष्टी त्यानं होत नाहीत. माइकच मुळात फाटला असेल तर तो सुधारत नाही, आणि खोलीतला घुमारा तर अजिबात जात नाही. फाइलही मोठी होते, स्टिरिओत तासाला १.४ जीबीच्या आसपास.

*एक्सएलआर आणि ३.५ मिलिमीटर.* एक्सएलआर म्हणजे भजनी मंडळाच्या माइकला असते ती तीन टोचांची जाड पिन. ३.५ म्हणजे हेडफोनची बारीक पिन. कॉलर माइक बारीक पिनेचे असतात, हातात धरायचे माइक जाड पिनेचे. रेकॉर्डरला कुठलं भोक आहे ते आधी बघा. इथे चूक झाली की पुढचं सगळं बिघडतं.

*फँटम पॉवर.* ४८ व्होल्टची ही वीज कंडेन्सर जातीच्या माइकला लागते. डायनॅमिक माइकला, म्हणजे व्यासपीठावर दिसणाऱ्या नेहमीच्या माइकला, लागत नाही. ती चालू ठेवली की सेल लवकर संपतात, म्हणून गरज नसेल तर बंद ठेवा.

*आतल्या माइकची दिशा.* याकडे कुणी बघत नाही आणि फसतं ते इथेच. काही रेकॉर्डरचे माइक चहूकडून ऐकतात, काहींचे समोरून जास्त ऐकतात. फरशी आणि उघड्या भिंतींच्या घरात चहूकडून ऐकणारा माइक सगळा घुमारा गोळा करतो.

५. कोणाला कोणता

किमती सणासुदीला आणि डॉलरबरोबर हलतात, म्हणून इथे फक्त पायऱ्या देते. नेमका आकडा खरेदीच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा.

*पाच-सहा हजारांच्या आसपास.* सोनीचा आयसीडी-पीएक्स ४७० सारखा आवाज टिपणारा छोटा रेकॉर्डर. वॅव्हमध्ये रेकॉर्ड करतो, आत ४ जीबी जागा आहे, वर कार्डही घालता येतं, आणि यूएसबीची पिन अंगातूनच बाहेर येते. आतला माइक बैठकीच्या नोंदींसाठी आहे, पॉडकास्टसाठी थिटा पडतो. कॉलर माइक लावला की मात्र एकट्या माणसाचं बोलणं छान येतं. घेताना वॅव्हची सोय आहे का ते विचारा, कारण या दर्जाचे काही रेकॉर्डर फक्त एमपी३ करतात.

*दहा हजारांच्या आसपास.* एकास-एक मुलाखतीसाठी मी हीच पायरी सुचवेन. इथे दोन घराणी आहेत, झूम आणि टॅस्कॅम. ही झूम म्हणजे १९८३ मध्ये सुरू झालेली, वाद्यसंगीताची उपकरणं बनवणारी जपानी कंपनी. व्हिडिओ कॉलच्या झूमशी तिचा संबंध नाही. ऑनलाइन शोधताना या नावसाधर्म्यानं भलतंच समोर येतं, म्हणून मॉडेलचं नाव पूर्ण लिहा.

झूमचा एच१एन हा नवख्यांचा जुना सोबती. समोरच पातळीचं चाक आहे, मेनूत शिरावं लागत नाही, दोन बारीक सेलांवर चालतो. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घेतो, त्यामुळे मोठं आणून पैसे वाया घालवू नका. त्याचं प्लॅस्टिकचं अंग हातात धरलं की बोटांची करकर आवाजात येते. तिपाईवर ठेवूनच वापरा. त्याच्यानंतर २०२४ मध्ये आलेला एच१एसेन्शियल ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, पातळी बेतायची भानगडच नाही. त्यात मेनू बोलून ऐकवण्याचीही सोय आहे. ती मराठीत नसली, तरी दृष्टिहीन मित्रांना मी हाच सुचवते.

टॅस्कॅमचे डीआर-०५एक्स आणि डीआर-०७एक्स दिसायला भावंडं आहेत, पण ०५एक्सचे माइक चहूकडून ऐकतात आणि ०७एक्सचे दिशा धरून, वळवताही येतात. पक्ष्यांचे आवाज, बाजार, दिंडी टिपायची असेल तर ०५एक्स चांगला. घरात माणसाशी बोलायचं असेल तर थोडे जास्त पैसे घालून ०७एक्स घ्या. हे दोन्ही आणि एच१एन संगणकाला जोडून यूएसबी माइक म्हणूनही चालतात, हा वरकड फायदा.

*पंधरा ते वीस हजारांच्या टप्प्यात.* इथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. दोघांना दोन जाड पिनेचे माइक द्यायचे असतील तर टॅस्कॅम डीआर-४०एक्स किंवा झूम एच४एन प्रो. डीआर-४०एक्समध्ये एकाच वेळी दोन पातळ्यांवर रेकॉर्ड करण्याची सोय आहे. एक फाटली तर दुसरी हाताशी राहते. आणि टेबलाभोवती बसून तीन-चार मित्रांनी गप्पा मारायच्या असतील, फोनवरचा पाहुणाही घ्यायचा असेल, तर झूम पॉडट्रॅक पी४. चार माइक, चार हेडफोन, फोन जोडायला वेगळं भोक. फोनवरच्या माणसाला त्याचाच आवाज परत ऐकू जात नाही, हे काम यंत्र स्वतः सांभाळतं. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या फाइलमध्ये पडतो, त्यामुळे एकाचा खोकला काढायला दुसऱ्याचं वाक्य कापावं लागत नाही. पण लक्षात घ्या, पी४ ला स्वतःचा माइक नाही. चार माइक, चार केबल, चार स्टँड यांचा हिशेब मांडल्याशिवाय तो घेऊ नका.

माझ्या पिशवीत आज दहा हजारांच्या टप्प्यातला रेकॉर्डर आणि दोन कॉलर माइक आहेत. गावोगाव फिरायला एवढंच पुरतं.

६. माइक आणि पिनेचा घोटाळा

आवाजाचा दर्जा ठरतो तो तोंड आणि माइक यांच्यातल्या अंतरावर. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) उतरतो. एका विताचं अंतर चार वितांवर गेलं म्हणजे १२ डेसिबल गेले, आणि खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहिला. म्हणून तीस हजारांचा रेकॉर्डर टेबलाच्या पलीकडे ठेवला तर त्याच्यापुढे छातीवर लावलेला साधा कॉलर माइक जिंकतो. माझं माप एकच: एक वीत.

कॉलर माइकमध्ये बोया बीवाय-एम१ बहुतेकांच्या हाती पहिला येतो. सहा मीटर लांब वायर, आत बटणाएवढा एलआर४४ सेल, आणि वायरवरच्या डबीला दोन खुणांचं बटण: एक स्मार्टफोनसाठी, एक कॅमेऱ्यासाठी. रेकॉर्डरला जोडताना ते कॅमेऱ्यावर हवं. काम झाल्यावर परत स्मार्टफोनवर सरकवा, नाहीतर सेल आतल्या आत संपतो. तो एलआर४४ सेल जादा ठेवा. गावात मिळेलच असं नाही, घड्याळवाल्याकडे विचारा.

आता पिन. बारीक पिनेवरच्या काळ्या रेषा मोजा. दोन रेषा असतील तर ती रेकॉर्डर-कॅमेऱ्याची पिन, तीन असतील तर फोनची. फोनचे काही माइक रेकॉर्डरला थेट लावले की आवाज येत नाही किंवा अगदी बारीक येतो. त्यासाठी अडॅप्टर लागतो. काही माइकना रेकॉर्डरमधून थोडी वीज लागते, ती मेनूत 'प्लग-इन पॉवर' या नावानं चालू करावी लागते. माइक मेला असं समजून परत करण्याआधी हे दोन्ही तपासा.

लहान रेकॉर्डरवर दोन माणसांचे दोन कॉलर माइक लावायचे असतील, तर डावा-उजवा वेगळा करणारी वाय केबल घ्या. एकाचा आवाज डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. एका फोनवर दोघांनी गाणी ऐकायची जी वाय मिळते, ती दिसायला अगदी तशीच असते पण ती दोन्ही आवाज एकत्र करते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर "स्टिरिओ पिन, दोन मोनो सॉकेट" असं स्पष्ट मागा, आणि रेकॉर्डर सोबत नेऊन तिथेच तपासा.

जाड पिनेच्या माइकमध्ये साधा डायनॅमिक घ्या. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून टिकून आहे, बेहरिंगरचा एक्सएम८५०० त्याहून बराच स्वस्त. मोठमोठ्या पॉडकास्टमध्ये दिसतो तो एसएम७बी मात्र लहान रेकॉर्डरबरोबर घेऊ नका. त्याचा आवाज इतका हळू येतो की रेकॉर्डरला ६० डेसिबलपर्यंत वाढवावा लागतो, आणि स्वस्त रेकॉर्डर तिथे सूं करायला लागतात.

मराठी बोलणाऱ्यांसाठी एक खास सूचना. तोंडासमोर तळहात धरून 'भाकरी', 'फडकं', 'ठेच', 'खोल' म्हणा. हवेचा झोत लागतो ना? आपल्या भाषेत असे झोताचे वर्ण पावलोपावली येतात, आणि माइकवर त्यांचा धप्प असा आवाज बसतो. माइक तोंडाच्या अगदी समोर न धरता थोडा बाजूला, ओठाच्या कोपऱ्याच्या रोखानं ठेवा आणि त्यावर फोमची टोपी घाला. तपासणीसाठी मी एक वाक्य ठरवलं आहे: "भल्या पहाटे बापूंनी फाटकाशी ठेवलेला भोपळा फडक्यात बांधला." हे स्वच्छ आलं की मी निश्चिंत होते.

७. खरेदीच्या दिवशी

नवा घेताना पक्कं जीएसटी बिल मागा आणि त्यावर मॉडेल व सिरियल नंबर लिहून घ्या. खोक्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली पट्टी असते. आयात केलेल्या मालावर ती असणं कायद्यानं बंधनकारक आहे. पट्टी नसेल तर तो माल अधिकृत वाटेनं आलेला नसण्याची शक्यता धरा. थोडा स्वस्त मिळतो, पण बिघडल्यावर वॉरंटीसाठी कुणाचं दार वाजवायचं हा प्रश्न उभा राहतो. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा.

कार्डाचं बिल वेगळं घ्या आणि जपून ठेवा. बनावट कार्डांवर ६४ जीबी लिहिलेलं असतं, आत जागा त्याच्या चौथाईही नसते; भरल्यावर जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन आहे, त्यानं कार्ड पूर्ण भरून खरी जागा तपासता येते. वेळ लागतो, पण प्रत्येक नवं कार्ड असं तपासल्याशिवाय मी वापरत नाही.

जुना रेकॉर्डर घ्यायला माझी हरकत नाही; माझा आत्ताचा जुनाच आहे. समोरासमोर भेटून हे बघा:

- सेलच्या कप्प्यात हिरवट किंवा पांढरी बुरशी नको
- हेडफोन आणि माइकची पिन घालून हलवा, खरखर येता कामा नये
- हेडफोन लावून डाव्या आणि उजव्या माइकजवळ चुटकी वाजवा, दोन्ही सारखे ऐकू यायला हवेत
- शांत कोपऱ्यात एक मिनिट काहीच न बोलता रेकॉर्ड करा आणि ते ऐका
- संगणकाला जोडून फाइल उतरते का ते पाहा
- बंद करून पुन्हा चालू करा, तारीख-वेळ टिकते का

मूळ बिल असेल तर तेही मागून घ्या.

८. घरी आल्यावर

पहिल्या संध्याकाळी मुलाखतीला जाऊ नका. तारीख-वेळ भरा. वॅव्ह, ४८, २४ ठेवा. कार्ड रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, संगणकावर नको. मेनूत सेलाचा प्रकार निवडा: चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा असतो, साधा १.५ चा, आणि प्रकार चुकीचा ठेवला तर उरलेल्या बॅटरीचा अंदाज चुकतो. लो-कट ८० हर्ट्झच्या आसपास चालू करा. पंख्याची आणि रस्त्याची घरघर कमी होते, बोलणं तसंच राहतं.

आपोआप पातळी ठरवणारी सोय बंद करा. माणूस थांबला की ती आवाज वाढवते आणि शांततेत मागचा पंखा, कुत्री, रिक्षा सगळं अंगावर येतं. म्हातारी माणसं बोलताना खूप थांबतात. ते थांबणं मला हवं असतं, पंख्यासकट नको असतं. हातानं पातळी ठेवताना नेहमीच्या बोलण्याला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल असं बघा. माणूस रंगात आला की आवाज चढतो, तेवढी जागा वर हवी.

छोट्या रेकॉर्डरमध्ये 'आवाज आला की सुरू हो' अशी सोय असते. तीही बंद. ती प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर गिळते.

९. जागा

शहाबादी फरशी, उघड्या भिंती, काचेची खिडकी: अशी खोली रिकाम्या हौदासारखी घुमते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्यासमोर बसा. बोलणाऱ्याच्या मागे आणि समोर वाकळ किंवा गोधडी टांगा, खाली सतरंजी घाला. रेकॉर्डर टेबलावर थेट ठेवू नका, खाली घडी केलेला टॉवेल घाला. नाहीतर कप ठेवल्याचा ठक् आवाज तोफेसारखा येतो.

गावाकडची जुनी मातीची घरं याबाबतीत फार चांगली. पांढऱ्या मातीच्या भिंती आणि शेणानं सारवलेली जमीन फारसा घुमारा करत नाही. मला मिळालेले सगळ्यात सुंदर आवाज तिथले आहेत.

फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. उघड्यावर वारा असेल तर फोम पुरत नाही, केसाळ टोपीच लागते. तीही नसेल तर भिंतीच्या आडोशाला बसा, वाऱ्याकडे पाठ करून. आणि सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर, नुसते म्यूट नको. शेजारचा फोन नेटवर्क शोधायला लागला की रेकॉर्डरमध्ये टर्र-टर्र असा आवाज येतो, तो नंतर निघत नाही.

१०. ज्या चुकांनी रेकॉर्डिंग जातं

आटपाडीकडच्या एका वाडीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजी माझ्याशी चाळीस मिनिटं बोलल्या. पाझर तलावाच्या कामावर कडेवरचं मूल सावलीला ठेवून खडी कशी फोडली ते त्यांनी सांगितलं. मध्ये बराच वेळ त्या गप्प होत्या. मी रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं होतं आणि लाल दिवा लुकलुकत होता. काही रेकॉर्डरांवर पहिल्या दाबाला यंत्र फक्त तयार होतं. दुसऱ्यांदा दाबलं की मगच रेकॉर्डिंग सुरू होतं. त्या दिवशी काहीच रेकॉर्ड झालं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा सांगितलं, घटना त्याच होत्या. पण ते गप्प होणं पुन्हा आलं नाही.

म्हणून आता मी दिव्याकडे बघत नाही, आकड्यांकडे बघते. पडद्यावरचे सेकंद पुढे सरकतायत का? सरकत असतील तरच पहिला प्रश्न. मग होल्डचं बटण लावते, म्हणजे पदराचा धक्का लागून रेकॉर्डिंग थांबत नाही. होल्ड काढायलाही शिकून ठेवा; बटणं चालत नाहीत म्हणून यंत्र बिघडलं असं अनेकांना वाटतं.

सुरुवातीलाच तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि "हे रेकॉर्ड करून लोकांना ऐकवलं तर चालेल ना?" हा प्रश्न त्यांच्या उत्तरासकट रेकॉर्ड करते. संमतीचा कागदही सोबत असतो, पण अंगठा देताना माणूस बिचकतो. तोंडी होकार मोकळा येतो. त्यानंतर अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही. ही रिकाम्या खोलीची शांतता संपादन करताना सांधे जोडायला लागते.

थांबवल्यावर लगेच सेल किंवा कार्ड काढू नका. फाइल पूर्ण लिहून व्हायला काही सेकंद लागतात, मधेच वीज गेली तर फाइल उघडत नाही. पडदा शांत होईपर्यंत थांबा, रेकॉर्डर बंद करा, मग कार्ड.

११. त्याच रात्री

घरी पोचले की जेवणाआधी फाइल लॅपटॉपवर उतरवते आणि दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर टाकते. नाव असं देते: वर्ष-महिना-दिवस, गाव, बोलणारं माणूस. मूळ फाइलला हात लावत नाही. संपादन नेहमी प्रतीवर. संपादनाला ऑडॅसिटी नावाचं संगणकावरचं साधन फुकट आहे आणि पुरेसं आहे. तयार भागाची पातळी स्टिरिओला उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेवते. ॲपलच्या पॉडकास्टची शिफारस हीच आहे, आणि एसटीत बसून ऐकणाऱ्यालाही आवाज पुरतो.

दोन्ही प्रती उघडून, सुरुवात, मध्य आणि शेवट कानांनी ऐकून झाल्यावरच कार्ड फॉरमॅट करते. सेल चार्जिंगला लावते, दुसरी जोडी पिशवीत टाकते, आणि कॉलर माइकचं बटण स्मार्टफोनवर आहे ना ते बघते.